मावशीच्या टेकडीचं पाणी

बारकीच्या आईचा धुलाईचा कारखाना नदीकाठी होता. कारखाना आपला म्हणायचा. खरं तर ती पत्र्याची एक लांबलचक शेड होती. आत भिंतीला लागून मोठाली धुलाई यंत्रं, मधे कपडे वेगळे करायची टेबलं आणि मागच्या अंगणात दोऱ्याच दोऱ्या. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, वसतिगृहाचे अभ्रे असं सगळं तिथे मळून यायचं आणि कडक घड्या होऊन परत जायचं. पाणी नदीचं. काठावरच्या विहिरीत पंप बसवलेला होता, आणि वापरलेलं पाणी टाक्यांमध्ये निवळून, गाळून मगच बाहेर सोडलं जायचं. बारकीचे वडील ती अगदी लहान असताना गेले, तेव्हापासून आईनं हा पसारा एकटीनं ओढला होता.

अलीकडे मात्र नदीनं ताळतंत्र सोडलं होतं. पावसाळ्यात एखाद्या दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस व्हायचा, आणि बघता बघता पाणी शेडच्या दारात. आई आणि कामाच्या बायका गाठोडी उचलून टेबलांवर चढवायच्या. उन्हाळा लागला की तीच नदी अशी तोंड लपवायची, की पंप घशात काही अडकल्यासारखा खाकरत राहायचा. मग आई बटण बंद करायची. बायका मळक्या चादरींच्या गाठोड्यांना टेकून बसायच्या, इस्पितळातून फोन यायचे, आणि आई सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, की यंत्रात बिघाड आहे. नदीत बिघाड आहे असं फोनवर सांगितलं तर कुणाला पटणार?

तिचा संशय गावाच्या वरच्या अंगाला झालेल्या नव्या वसाहतीवर होता. तिथल्या लोकांनी बोअर मारून मारून जमिनीची चाळण केली असणार, असं तिचं म्हणणं. “वर कुठेतरी पाणी मुरतंय,” ती म्हणायची, आणि आपण कोटी केली आहे हे तिच्या लक्षातही यायचं नाही.

बारकी पाणी खात्यात नोकरीला होती. नावालाच बारकी. घरात हे नाव पडलं तेव्हा ती पाळण्यात होती. आता ती आईपेक्षा वीतभर उंच झाली होती, लांबच्या शहरात शिकून आली होती आणि नद्यांमधून किती पाणी वाहतं हे मोजणं हेच तिचं काम होतं. तरी कारखान्यातल्या बायकांसकट सगळ्यांची ती बारकीच. नगरपालिकेनं खात्याला पत्र लिहिलं, की नदी अशी का वागते याचा छडा लावून द्या, आणि साहेबांनी ते काम बारकीच्या टेबलावर ठेवलं. आपल्या आईचा कारखाना त्याच नदीवर आहे आणि मावशी त्याच नदीच्या उगमापाशी राहते, हे तिनं आधीच सांगून टाकलं. साहेबांची निवृत्ती जवळ आली होती आणि कुठल्याही गोष्टीनं चमकून जायचं वय त्यांनी केव्हाच मागे टाकलं होतं. ते म्हणाले, या गावात मावशी नसलेला माणूस हवा असेल तर तो बाहेरून मागवावा लागेल.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. गावातल्या शाळेत तिनं उभा जन्म भूगोल शिकवला, आणि गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी छोटंसं घर बांधून राहिली. तेव्हा ती टेकडी नुसत्या गवताची होती. पावसाळ्यात हिरवी आणि एरवी पिवळट, खरजुली. खिडकीतून ती बोडकी टेकडी बघून मावशीच्या जिवाला काहीतरी व्हायचं. शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर ती वर्गातल्या मुलांना घेऊन वर चढली आणि त्यांनी रोपं लावली. रोपं मेली. पुन्हा लावली, पुन्हा मेली. मग कुणीतरी सांगितलं, निलगिरी लावा; झपाट्यानं वाढते आणि गुरं तोंड लावत नाहीत. निलगिरी जगली. मुलांच्या तुकड्यांमागून तुकड्या आल्या, मोठ्या झाल्या, आपापल्या संसाराला लागल्या, आणि टेकडी पार माथ्यापर्यंत झाकून गेली. गावात पाहुणे आले की लोक त्यांना गच्चीवर नेऊन टेकडी दाखवत. मावशी निवृत्त झाली त्या समारंभात कुणीतरी त्या टेकडीला “मावशीची टेकडी” म्हटलं आणि तेच नाव पुढे चालू झालं. बारकीच्या मावशीला सगळं गावच मावशी म्हणायला लागलं.

बारकी वाढली ती याच टेकडीवर. आई कारखान्यात, म्हणून ही मावशीकडे. रोपांना डबड्यानं पाणी घालता घालता तिचे पाढे पाठ झाले.

नदीला वरच्या अंगाला दोन ओढे मिळत. मावशीच्या टेकडीवरून येणारा थोरला आणि शेजारच्या टेकडीवरून येणारा धाकटा. दोन्ही टेकड्या पाठीला पाठ लावून बसलेल्या बहिणींसारख्या. उंची सारखी, दगड तोच, पाऊसही तोच. फरक एवढाच, की शेजारच्या टेकडीवर अजूनही नुसतं गवत होतं. ती एका मेंढपाळाची होती. मावशीनं तिथेही झाडं लावायची म्हणून त्याच्या दारात अनेकदा चकरा मारल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी त्यानं दारातच मान हलवून “नाही बुवा” म्हटलं होतं. तेव्हापासून गावात त्याचं नाव नाहीबुवा. मावशी आणि तो एकमेकांना पाण्यात पाहत.

बारकीनं कामाला सुरुवात केली तेव्हा तिला वाटलं होतं, आईचंच खरं निघेल. दोन्ही ओढ्यांवर खात्याची मोजणी फार पूर्वीपासून होत होती, मावशीनं पहिलं रोप लावलं त्याच्याही आधीपासून. ते आकडे तिनं एकापुढे एक मांडले. सुरुवातीच्या वर्षांत दोघे ओढे जुळ्या भावांसारखे चालत. एक चढला की दुसरा चढायचा, एक उतरला की दुसरा. थोरल्यात पाणी जरा जास्तच. मग हळूहळू त्यांची फारकत होऊ लागली. आता दोघेही पूर्वीपेक्षा रोडावले होते, पण धाकटा उन्हाळाभर कसाबसा वाहत राहायचा आणि थोरला मधेच दम तोडायचा. फारकत सुरू झाली ती निलगिरी माणसाच्या उंचीपेक्षा वर गेली त्या सुमाराला.

तिनं जंग जंग पछाडलं. थोरल्या ओढ्याच्या तळाला काही भेग पडली आहे का ते पाहिलं. पर्जन्यमापक चुकीच्या जागी तर नाही ना, म्हणून तो हलवून पाहिला. वसाहतीच्या बोअरचीही चौकशी केली. पण वसाहत दोन्ही ओढे एकत्र होतात त्याच्या खाली होती. वरच्या ओढ्यातलं पाणी ती कुठून पिणार? वसाहतीचा दोष वेगळा होता. तिथे आता छपरं, फरशा आणि डांबर होतं, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की थेंबभरही न मुरता सगळं पाणी एकदम नदीत उतरायचं आणि आईच्या दारात यायचं. उन्हाळ्यातली तूट मात्र वरूनच येत होती.

उन्हाळ्याच्या ऐन भरात ती गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, प्रवाह मोजायची फिरकी हातात धरून थोरल्या ओढ्यात उभी राहिली. बुटांखाली नुसते दगड होते. फिरकी फिरवायला पाणीच नव्हतं. वर झाडांची सळसळ चालली होती, आणि निलगिरीच्या पानांचा तो औषधी वास पसरला होता. आता शंकेला जागा उरली नव्हती. झाडं पाणी पीत होती. ती आणि तिच्या वर्गातली पोरं डबड्यांनी पाणी पाजून गेली होती, आणि पुढे झाडांनी आपली सोय आपण केली होती.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आकडे दोनदा तपासले. मग चष्मा काढून पुसत ते म्हणाले, की अहवालात हवामानावर भर दे. उन्हाळा तापलाय, पाऊस लहरी झालाय, हे खोटं थोडंच आहे? आभाळावर कुणी रागावत नाही.

“पण ते अर्धंच खरं आहे, सर.”

“अर्धं खरं लिहून माझी सगळी नोकरी सुखात गेली,” साहेब म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ते आवडलं नसावं. तुला काय लिहायचं ते लिही, मी सही करतो, असं म्हणून त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

घरी आल्यावर तिनं आधी आईला सांगितलं. आईच्या पाण्याचा प्रश्न होता. आईला राग येईल, निदान एवढ्या वर्षांच्या त्रासाचं कारण कळल्याचं समाधान तरी वाटेल, असा तिचा अंदाज होता. आई टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले नाहीत. हातातली थप्पी पुरी झाली तशी तिनं ती सरकवून ठेवली आणि विचारलं, “ताईला बोललीस?”

“अजून नाही.”

“बोलू नकोस.”

बारकीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. आईनं पुन्हा सांगितलं. कारखाना बंद करावा लागला तर करीन, पाणी टँकरनं आणीन, काय वाटेल ते करीन, पण तिला हे सांगायचं नाही. “तिच्याकडे दुसरं आहे काय, बारके? नवरा नाही, संसार नाही. सकाळी उठते आणि टेकडीकडे बघते. तेवढं तरी राहू दे तिचं.”

“अहवाल नगरपालिकेच्या सभेत सांगायचाय. तिथे कळणारच आहे.”

“मग सभेत दुसरं काहीतरी सांग.”

आईनं आयुष्यात कधी मुलीला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं.  त्यानंतरचे दिवस दोघींनी भाजी, कपडे आणि पंप याच विषयांवर काढले. बारकीचा जीव टांगणीला लागला होता. सांगावं तर आई दुखावणार, न सांगावं तर मावशी गावासमोर बेसावध सापडणार. शेवटी तिला एकच गोष्ट पटली, की मावशीला हे परक्या माणसांच्या गर्दीत कळता कामा नये.

रविवारी सकाळी ती टेकडीपाशी गेली. मावशी व्हरांड्यात बसून काळ्या पिशव्यांमध्ये माती भरत होती. व्हरांड्यात शाळेचा एक जुना बाक होता, त्यावर पोचा पडलेला पृथ्वीचा गोल, आणि बाकी सगळी जागा रोपांची. बारकी समोर बसली आणि न सांगता तीही पिशव्या भरू लागली. हातांना ते काम झोपेतही आलं असतं. दोन-चार पिशव्या भरून झाल्यावर तिनं सांगितलं. जसं होतं तसं, फिरवाफिरवी न करता.

मावशीनं तिच्याकडे वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीकडे बघावं तसं पाहिलं. “झाडं पाऊस आणतात, हे तुला कुणी शिकवलं?”

“तूच.”

“मग?”

“मोठ्या जंगलांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, मावशी. पण एका टेकडीमुळे ढग वळत नाहीत. आणि आपल्या टेकडीवर जंगल नव्हतंच कधी, गवत होतं. उन्हाळ्यात गवत वाळतं, म्हणजे ते पाणी प्यायचं थांबतं. मग जमिनीत मुरलेलं पाणी हळूहळू ओढ्यात उतरत राहतं. निलगिरी बारा महिने हिरवी. तिची मुळं खोल जातात, आणि भर उन्हाळ्यातही ती पीतच राहते.”

“बोडकी होती ती टेकडी.”

“आपल्याला तशी दिसायची.”

हे बोलायला नको होतं, असं बारकीला लगेच वाटलं. मावशीनं हातातली पिशवी थोपटून रांगेत ठेवली, पुढची घेतली, आणि आवाज जराही न चढवता म्हणाली, “तू जा आता.”

बारकी गेली. दिवसभर तिला अन्न गोड लागलं नाही. आईला तिनं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात शिपायानं येऊन सांगितलं, की बाहेर मावशी आल्या आहेत. मावशी दारात उभी होती. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर टोपी, शाळेची सहल न्यायला निघाल्यासारखी. तिचे डोळे सुजले होते. ती एवढंच म्हणाली, “दाखव.”

दोघी आधी थोरल्या ओढ्यावर गेल्या. तिथे दाखवण्यासारखं काही नव्हतंच. दगड होते आणि दगडांमध्ये वाळलेली पानं. मग टेकडीच्या खांद्याला वळसा घालून त्या शेजारच्या टेकडीकडे उतरल्या. मावशीनं या टेकडीवर कित्येक वर्षांत पाय ठेवला नव्हता. गवत वाळून सोनेरी झालं होतं, त्यात मेंढ्या विखुरल्या होत्या, आणि तळाच्या घळीत धाकटा ओढा वाहत होता. फार नाही, पाऊल बुडेल न बुडेल इतका. पण वाहत होता. मावशी गुडघे धरत खाली बसली, तिनं हात पाण्यात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

नाहीबुवा वरून त्यांना बघत होता. थोड्या वेळानं तो काठी टेकत खाली आला. बारकीला धास्ती वाटली, की आता हा एवढ्या वर्षांचं उट्टं काढणार. मावशीनंच आधी तोंड उघडलं.

“तुम्हाला ठाऊक होतं का, की झाडं लावली तर पाणी आटेल?”

“नाही बुवा,” तो म्हणाला.

“मग तुम्ही का लावू दिली नाहीत?”

“मेंढरांना गवत लागतं.” त्यानं थोडा विचार केला. “आणि तुम्ही विचारलं कधी नव्हतं, बाई. तुम्ही सांगितलं होतं.”

 मग तो आपणहूनच सांगू लागला, की त्याचाही ओढा आता पूर्वीचा राहिला नाही. पूर्वी उन्हाळ्यातसुद्धा मेंढरं पलीकडे न्यायची तर कोकरं उचलून न्यावी लागत. आता कोकरांचे नुसते खूर भिजतात. पाऊस येतो तो मारायला आल्यासारखा येतो आणि निघून जातो. मग महिनोन्महिने ऊन. हे काही झाडांनी केलेलं नाही, असं त्याला म्हणायचं होतं. ते त्याला नीटसं सांगता येत नव्हतं. आजवर मावशीला बरं वाटावं म्हणून तो कधी काही बोलला नव्हता.

परतताना वाटेत मावशी एका दगडावर टेकली आणि तिनं विचारलं, “थोरल्या ओढ्याचं जेवढं पाणी गेलं, त्यात माझा वाटा किती?”

बारकीनं हा प्रश्न स्वतःला इतक्या वेळा विचारला होता, की उत्तर तयार होतं. धाकट्या ओढ्याचं जेवढं पाणी कमी झालं तेवढं हवामानानं नेलं. थोरल्याचं त्याहून जास्त जे गेलं, ते झाडांनी. “निम्मं धर. थोडं इकडेतिकडे.”

“पन्नास टक्के,” मावशी म्हणाली. “एवढ्यावर मी मुलांना पास करायचे.” ती हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा रडवेला झाला. बारकी तिच्याजवळ बसली. तिला जवळ घ्यावं की नाही ते कळेना, म्हणून तिनं मावशीच्या टोपीवर पडलेलं एक पान काढलं आणि हातातच धरून ठेवलं.

मावशीला मुख्य राग आला तो मात्र दुसऱ्याच गोष्टीचा. आईला हे आधीपासून माहीत होतं आणि तिनं गप्प राहायला सांगितलं होतं, हे बोलता बोलता तिला कळलं, तशी ती घरी न जाता सरळ कारखान्यात गेली. बारकी तिच्या मागोमाग. बायका दोऱ्यांवर चादरी टाकत होत्या. आईनं तिला बघितलं आणि काय झालं असेल ते ओळखलं.

“तुझं पाणी माझ्यामुळे जात होतं,” मावशी म्हणाली, “आणि ते कळल्यावर तू काय ठरवलंस? तर तिला सांगायचं नाही.”

“तुझ्याकडे दुसरं होतं काय, ताई?”

“तू होतीस. ही होती. मी काय झाडांना पोटाशी धरून जन्म काढला असं वाटतं तुला? आठवड्याला तुमच्याकडे जेवायला येत होते, ते काय भूक लागते म्हणून?”

 आपण बहिणीची कीव करत होतो आणि त्यालाच माया समजत होतो, हे आईच्या ध्यानात आलं असावं; पण ते कबूल करण्याइतकी ती सरळ कधीच नव्हती. ती उलट म्हणाली, की मी कारखाना बंद करायला निघाले होते तुझ्यासाठी, आणि त्याचं हे फळ. त्यानंतर दोघी बहिणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. मावशी जेवायला यायची थांबली. बारकी दोन्हीकडे जायची आणि दोन्हीकडे तिला फक्त तब्येतीची चौकशी ऐकू यायची.

सभा नगरपालिकेच्या सभागृहात झाली. गाव लोटलं होतं. बारकीनं आधी वसाहतीच्या फरशांबद्दल सांगितलं, मग हवामानाबद्दल, आणि शेवटी टेकडीबद्दल. टेकडीचं नाव निघताच गलका उठला. हिला लाकडाच्या ठेकेदारानं फितवलंय, असं मागून कुणीतरी म्हणालं. झाडं पाणी पितात म्हणे, आता पाखरं हवा खातात असंही सांगा, असं दुसरा म्हणाला आणि लोक हसले. ओरडणाऱ्यांत तिच्याच वर्गातली, तिच्याबरोबर रोपं लावलेली माणसंही होती. बारकी कागद धरून उभी राहिली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तेव्हा मावशी उठली. तिनं टेबलावर बोटानं टकटक केलं आणि सभा, सवयीनं, गप्प झाली. ती म्हणाली, मुलगी बरोबर सांगते आहे. मी जाऊन पाहून आले. ओढ्याच्या घळीतली झाडं काढा.

मावशीनं सांगितलं म्हणजे झालं, असं बारकीला वाटलं होतं. तसं झालं नाही. लोक आणखीच पेटले. भाचीसाठी मावशी स्वतःच्या हातानं लावलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवायला निघाली, असं लोक म्हणाले. ती झाडं आता तुमची नाहीत, गावाची आहेत, असं एका जुन्या विद्यार्थ्यानं तिला उभं राहून ऐकवलं. तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं. मावशी खाली बसली. पुष्कळ वादावादीनंतर एवढंच ठरलं, की फक्त ओढ्याच्या दोन्ही काठांची, घळीतली झाडं काढायची, तीही अजमावून बघण्यापुरती. वरच्या झाडांना हात लावायचा नाही. आणि वसाहतीतल्या प्रत्येक घरानं आपल्या अंगणातली थोडी फरशी उखडून पावसाच्या पाण्यासाठी खड्डा करायचा. यावर वसाहतीच्या लोकांनी जो आरडाओरडा केला, त्यापुढे आधीचा गलका काहीच नव्हता.

तोड सुरू झाली त्या दिवशी मावशी खडू घेऊन आली आणि काढायच्या झाडांवर तिनं स्वतः खुणा केल्या. पहिलं झाड पडलं तशी ती घरी गेली आणि तिनं दार लावून घेतलं. बारकीला वाटलं, आता काही ही येत नाही. पण दुसऱ्या दिवशी ती तोडणाऱ्या माणसांसाठी प्यायच्या पाण्याची कळशी घेऊन हजर होती, आणि काम संपेपर्यंत रोज येत राहिली. पुढे मोकळ्या झालेल्या उतारावर माती वाहून जाऊ नये म्हणून गवत लावायचं ठरलं. मावशी नाहीबुवाकडे गेली. या वेळी तिनं विचारलं. त्यानं बराच वेळ काठीशी चाळा केला आणि मग हवं तेवढं गवताचं बी झाडून न्या, असं सांगितलं. कापणीला मेंढ्याही सोडेन, हे त्यानं वर जोडलं.

बहिणींचा अबोला आईनंच मोडला. तोही आपल्या पद्धतीनं. हवामानानं नेलेलं निम्मं पाणी झाडं तोडून परत येणार नाही, हे बारकीच्या बोलण्यातून तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तिनं शेडमागे नवी टाकी बांधून घेतली, म्हणजे खळबळण्याचं शेवटचं पाणी पुढच्या कपड्यांच्या पहिल्या धुण्याला वापरता येईल. नळ्या कशा जोडायच्या याचा आराखडा घेऊन ती मावशीकडे गेली आणि म्हणाली, की यात उतार बरोबर धरलाय का बघ, तू भूगोल शिकवायचीस. उतार बरोबरच होता. मावशीनं तो तरीही खोडून नवा काढून दिला, आणि आई तिथेच जेवून आली.

पुढच्या उन्हाळ्यात बारकी थोरल्या ओढ्यावर मोजणीला गेली तेव्हा मावशी आधीच तिथे बसलेली होती. घळ मोकळी, ऊन लख्ख, आणि काठानं नवं गवत वाळून पिवळं पडलेलं. दगडांमधून पाण्याची एक बारीक धार चालली होती. मोजायच्या पट्टीपर्यंत ती पोचत होती, पण जेमतेम.

“हे झाडं काढल्यामुळे, की गेल्या वर्षी पाऊस बरा झाला म्हणून?” मावशीनं विचारलं.

“एका वर्षात नाही सांगता येणार. आणखी काही वर्षं बघावं लागेल.”

“मी तोवर असेन, असं धरून चालली आहेस.”

“तुला राहावंच लागेल,” बारकी म्हणाली. “वरच्या झाडांचं काय करायचं ते अजून ठरायचंय.”

मावशीनं वर पाहिलं. वरच्या झाडांचं तिचंही ठरलेलं नव्हतं. कधी वाटे, अर्धी काढावीत. कधी वाटे, पाखरांनी आता कुठे जावं? पूर्वी अशा प्रश्नांचं उत्तर तिच्या जिभेवर असायचं. आता ती म्हणाली, बघू.

तेवढ्यात खालून धापा टाकत आई आली. हातात जेवणाचा डबा. कारखाना दुपारपुरता बायकांवर सोडून ती आली होती. टेकडीवर झाडं लावून इतकी वर्षं झाली, पण तिला कधी वर चढायची सवड मिळाली नव्हती. तिनं ओढ्यातल्या धारेकडे बघितलं, नाक मुरडलं, एवढ्यात माझा एक टॉवेलसुद्धा भिजायचा नाही असं म्हणाली, आणि ऊन लागत होतं म्हणून वरच्या झाडांखाली जाऊन बसली. मागोमाग या दोघीही गेल्या. आईनं पदरानं घाम पुसला आणि फांद्यांकडे बघत म्हणाली, “सावली मात्र छान आहे गं, ताई.”

“एवढं पाणी पितात,” मावशी म्हणाली, “सावली तरी बरी नको का द्यायला?”

आईनं डबा उघडला आणि तिघी जेवायला बसल्या.